मेल्या झाडाची इम्युनिटी

टोमॅटोची बाग जिवाणूच्या मर रोगाने बसायला लागली की शेतकरी दुकानात धावतो आणि तीन वस्तू घेऊन परत येतो. स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी, कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाकीट आणि एक चकचकीत बाटली. पहिल्या दोन वस्तूंत दुकानदाराला फार सुटत नाही. सुटतं ते बाटलीत. बाटलीवर ढालीचं चित्र असतं, ढालीत हिरवंगार पान असतं आणि खाली मजकूर असतो : 'पिकाची नैसर्गिक रोगप्रतिकारशक्ती वाढवते.' किंमत चार आकडी. आत काय आहे हे छापलेलं असलंच तर भिंग लावून वाचावं लागतं, आणि वाचून बोध काय होतो? 'वनस्पतिजन्य अर्क, संजीवके, अमिनो आम्ले इत्यादी.' या 'इत्यादी'साठी आपण पैसे मोजतो.

मी टोमॅटो, वांगी, कोबी करणारा माणूस आहे आणि या बाटलीशी माझं भांडण जुनं आहे. ते विज्ञानाशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. संजीवकांच्या जोरावर झाड जिवाणूशी लढतं ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. इतक्या खऱ्या गोष्टीचा इतका खोटा धंदा उभा राहिला, आणि तो ज्यांनी रोखायचा ते सेमिनारमध्ये शाल-श्रीफळ घेत बसले, हा माझा राग आहे.

खरं काय ते आधी बघू, म्हणजे खोटं किती आहे ते कळेल.

झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, पळून जायला पाय नाहीत. तरी प्रत्येक पानावर बसलेला प्रत्येक जिवाणू आत शिरून झाड मारत नाही. कारण पेशी त्याला ओळखतात. ओळख पटली की झाडात काही रसायनं वाढतात. सॅलिसिलिक आम्ल, जास्मोनिक आम्ल, इथिलीन, अॅब्सिसिक आम्ल. ही झाडाची स्वतःची संप्रेरकं. यांतलं एकही जिवाणूला विष म्हणून घातलेलं नाही. गावाच्या जागल्याने रात्री हाळी दिली की चोर मरत नाही, पण घराघरांत माणसं उठून काठ्या घेतात. संप्रेरकाचं काम तेवढंच, हाळी देण्याचं. काठ्या घरात आधीपासून असाव्या लागतात, आणि हाळी चोर शिरायच्या आधी पडावी लागते. ही दोन वाक्यं ज्याला समजली त्याला बाटलीचा निम्मा धंदा समजला.

१९६१ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक रॉस या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणूची लागण केली आणि काही दिवसांनी वरच्या निरोगी पानांवर तोच विषाणू चोळला. वरची पानं पुष्कळ सावरलेली निघाली. एका पानाला झालेली जखम सगळ्या झाडाला कळली होती. १९७९ साली इंग्लंडमध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क अॅस्पिरिन टोचलं आणि रोग कमी झाल्याचं दाखवलं. अॅस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचंच भावंड. मग १९९० साली 'सायन्स' नियतकालिकात दोन निबंध एकाच वेळी आले, एक तंबाखूवर आणि एक आपल्या ओळखीच्या काकडीवर. रोगाची लागण झाली की झाडात सॅलिसिलिक आम्ल आपोआप वाढतं, हे त्यांनी दाखवलं. १९९३ साली उलटतपासणीही झाली. सॅलिसिलिक आम्ल साठूच देणार नाही असं जिवाणूचं एक जनुक तंबाखूत घातलं, आणि झाडाची ती कमावलेली प्रतिकारशक्ती गेली. पुढच्याच वर्षी शिन्नियान डाँग यांच्या प्रयोगशाळेने ही हाळी ऐकून कामाला लागणारं जनुक शोधलं. त्याला एनपीआर-१ म्हणतात. तैवानात ते जनुक टोमॅटोत घातलं, तेव्हा टोमॅटो मर रोगाला अधिक टिकला. हा निबंध २००४ सालचा.

म्हणजे एका साध्या निरीक्षणापासून जनुकापर्यंत जायला तीस-पस्तीस वर्षं लागली. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचारलं, हे खरंच आहे का, आणि उलटा प्रयोग करून बघितला. आमच्या बाटलीवाल्याला हा सगळा प्रवास व्हॉट्सअॅपवरच्या एका व्हिडिओत उरकतो. व्हिडिओत एक हात येतो, पान उलटं करतो, 'रिझल्ट बघा' म्हणतो आणि खाली मोबाइल नंबर. शेजारी बिनफवारलेली ओळ आहे का? नाही. रोग जिवाणूचा होता, बुरशीचा होता की नुसतं पाणी जास्त झालं होतं? माहीत नाही. कॅमेरा फिरला त्या दिवशी ऊन पडलं आणि झाड सावरलं, श्रेय बाटलीला.

आता जी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत ती सांगतो. संप्रेरकांची ही भाषा जिवाणूलाही येते, आणि तो ती झाडाच्या विरोधात बोलतो.

टोमॅटोच्या पानावर बारीक काळे ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जिवाणू आहे. पानात शिरायची त्याची वाट म्हणजे पर्णरंध्रं, पानाची श्वासाची भोकं. जिवाणू आलाय हे कळताच पान ही भोकं मिटून घेतं. त्यात सॅलिसिलिक आणि अॅब्सिसिक आम्लाचा हात असतो. हे झालं झाडाचं शहाणपण. पण २००६ साली मिशिगनमधल्या शेंग यांग ह आणि माएली मेलोटो यांच्या चमूने दाखवलं की तीन-चार तासांत ती मिटलेली भोकं पुन्हा उघडतात. कारण हा जिवाणू कोरोनाटिन नावाचं रसायन सोडतो. कोरोनाटिन म्हणजे जास्मोनिक संप्रेरकाची हुबेहूब नक्कल. पानाला वाटतं, अळी कुरतडतेय. ते अळीविरुद्धची तयारी सुरू करतं, जिवाणूविरुद्धची ढिली पडते आणि हा उघड्या दारातून आत जातो. मर रोगाचा रालस्टोनिया तर स्वतःच इथिलीन तयार करतो. गाठी आणणारा अॅग्रोबॅक्टेरियम झाडाच्या पेशीत ऑक्झिन आणि सायटोकायनिन बनवण्याचा कारखानाच बसवून देतो. आणि आपण द्राक्षापासून भेंडीपर्यंत ज्या 'जीए'ची आळवणी-फवारणी करतो, त्या जिबरेलिक आम्लाचा शोधच मुळी भाताच्या एका रोगातून लागला. १९२६ साली तैवानात एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोपं वेड्यासारखी उंच वाढवून पाडणारी बुरशी हेच द्रव्य सोडते.

तर सांगा, 'सर्व प्रकारची संजीवके एकाच बाटलीत' या ओळीचा अर्थ काय? झाडाला हाळी देणारी आणि झाडाला गाफील करणारी, दोन्ही एकाच पंपात ओतायची आणि प्रतिकारशक्ती वाढली म्हणायचं? ज्याने ही बाटली तयार केली त्याला एक तर हे माहीत नाही, किंवा माहीत असून विकतोय. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, एकटं सॅलिसिलिक शुद्ध स्वरूपात दिलं तर? तिथेही फुकट काही मिळत नाही. झाडात साधारणपणे सॅलिसिलिकची वाट जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगांसाठी असते आणि जास्मोनिकची वाट कुरतडणाऱ्या किडींसाठी आणि पेशी मारून खाणाऱ्या बुरशींसाठी. एक वाट जोरात चालली की दुसरी बहुधा दबते. १९९९ साली जेनिफर थेलर आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या उघड्या शेतात हे करून दाखवलं. सॅलिसिलिकच्या वाटेवर काम करणारं रसायन फवारलेल्या झाडांवर जिवाणूचे ठिपके कमी आले, पण तीच झाडं पानं खाणाऱ्या अळ्यांना जास्त मानवली. जास्मोनिक दिलेल्या झाडांवर अळ्यांचं फावलं नाही, पण जिवाणूपासून संरक्षण मिळालं नाही. आपल्याकडे टोमॅटोवर एकटा जिवाणू कधी येतो का? फळ पोखरणारी अळी असते, नागअळी असते, पांढरी माशी असते, करपा असतो. 'सर्व रोग व किडींविरुद्ध' असं जो छापतो त्याने थेलर बाईंचं शेत एकदा बघून यावं.

शिवाय लढाईला दाणापाणी लागतं. प्रतिकाराची प्रथिनं बनवायला झाड जे खर्च करतं ते फळातून, वाढीतून जातं. गव्हावर २००० साली असंच दिसलं. रोग नसताना नुसतं प्रतिकाराचं रसायन दिलेल्या झाडांची वाढ आणि दाणे दोन्ही कमी भरले. आमच्या बाटलीवर मात्र एकाच ओळीत 'प्रतिकारशक्ती वाढवते, फुटवे वाढवते, फुलगळ थांबवते, फळाला चकाकी आणते' असं असतं. झाडाने एवढं सगळं एकाच वेळी करायला ते झाड राहिलं कुठे, कल्पवृक्षच झाला की तो.

ज्या देशात हे काम नीट झालं तिथे ते कसं झालं, तेही बघा, कारण बाटलीवाले नेहमी परदेशाचं नाव सांगतात. काकडीवरचा १९९० चा तो निबंध सिबा-गायगी या स्वित्झर्लंडच्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचा होता. त्यांनी सॅलिसिलिकच्या जागी काम करणारं एक रसायन शोधलं, असिबेन्झोलार-एस-मिथाइल. १९९६ साली जर्मनीत ते गव्हाच्या भुरीसाठी बाजारात आलं, पुढे अमेरिकेत टोमॅटोच्या जिवाणू ठिपक्यांसाठीही. कंपनी म्हणजे साधुसंतांची दिंडी नव्हे, नफ्यासाठीच तिने हे केलं. पण बाटलीत एक घटक, त्याचं नाव, त्याचं प्रमाण, कुठल्या पिकावर, कुठल्या रोगावर, किती वेळा आणि रोग दिसायच्या आधीच, हे सगळं छापून. अमेरिका-कॅनडात शेताशेतांवर चाचण्या झाल्या, आणि टोमॅटोच्या ठिपक्यांवर त्याने तांब्याच्या नेहमीच्या फवाऱ्यांच्या तोडीचं काम केलं. एवढंच. चमत्कार नाही, तोडीस तोड. तांब्याला न जुमानणारे जिवाणू जिथे माजले होते तिथे हे 'एवढंच' सोन्यासारखं होतं.

आणि आता माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. २००५ साली फ्लोरिडात हेच रसायन मर रोगाविरुद्ध टोमॅटोवर तपासलं. ज्या वाणांत मर रोगाला थोडीफार प्रतिकारशक्ती मुळातच होती, त्यांत रोग लक्षणीय घटला. ज्या वाणांत ती नव्हती, त्यांत जमिनीतून लागण केल्यावर ते कुचकामी ठरलं. हरितगृहात, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, शुद्ध रसायन योग्य प्रमाणात आणि रोगाच्या आधी देऊनसुद्धा. वाणात दमच नसेल तर हाळी ऐकून उठणार कोण?

आमच्याकडे याच्या नेमकं उलटं चालतं. वाण निवडताना विचार फक्त दोन, बाजारात रंग कोणता चालतो आणि क्रेटमध्ये किती दिवस टिकतो. रोग येऊन झाडं माना टाकायला लागली की बाटली. जिवाणूने खोडाच्या नळ्या गच्च भरल्या, पाणी वर चढायचं थांबलं, पानं हिरवी असतानाच झाड कोमेजलं. त्या क्षणी त्या झाडाला कुठलंही संप्रेरक देणं म्हणजे वरातीमागून घोडं. पण दुकानदार सांगतो, 'दादा, इम्युनिटी डाउन झालीय, एक ड्रेंचिंग मारा, दोन दिवसांनी रिपीट करा.' दोन दिवसांनी झाड मेलेलं असतं. मग ऐकू येतं, 'तुम्ही उशीर केला हो.' उशीर झाला हे बाटली विकताना माहीत नव्हतं का?

हे सगळं करण्याआधी झाडाला झालंय काय, एवढं तरी बघावं की नाही? मर रोग जिवाणूचा की बुरशीचा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोमेजलेल्या झाडाचं जमिनीलगतचं खोड धारदार सुरीने कापायचं. काचेचा स्वच्छ ग्लास, त्यात नितळ पाणी. कापलेला तुकडा पाण्यात जेमतेम बुडेल असा काठावर धरायचा आणि हलू द्यायचा नाही. जिवाणू असला तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा सरळ खाली उतरतो. फ्युजेरियम बुरशीची मर असेल तर खोड आतून तपकिरी दिसेल, पण धागा नाही. बस्स. यात खर्च शून्य. किती कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर हा ग्लास आहे? मी अनेक दुकानांत विचारलं. एकाने चहा घेणार का म्हणून विचारलं. ग्लास म्हटल्यावर त्याला तेवढंच आठवलं.

धागा न बघताच पुडी, पाकीट आणि बाटली. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

पुडीचंही बोलू, कारण बाटलीवाले शहाजोगपणे सांगतात की आमचं 'नैसर्गिक', पुडी वाईट. पुडी वाईट आहेच. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली सापडलेलं, माणसाच्या क्षयरोगावर चाललेलं पहिलं औषध. ते आपण पंपात कालवून शेतात उडवतो. फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीच्या जिवाणू ठिपक्यांवर ते मारून मारून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार झाले होते. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा धडा आहे. आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने बंदीचा मसुदा काढला, २०२४ पासून वापर पूर्ण थांबवायचा, असा. आमच्याकडे पुडी मागितली की आजही काउंटरवर येते. पण पुडीत काय आहे ते पुडीवर छापलंय, हे विसरू नका. बाटलीने तेवढीही लाज ठेवलेली नाही.

लाज कायद्यानेही फार ठेवली नव्हती. वर्षानुवर्षं ही टॉनिकं ना खतात मोडत होती ना कीटकनाशकात. कुणीही ड्रम भरावा, लेबल चिकटवावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांसाठी नवं परिशिष्ट घातलं. घटक सांगा, चाचणी दाखवा, कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त नको. चांगलं झालं. मग तात्पुरत्या नोंदणीची मुदत आली, मुदतवाढ आली, पुन्हा मुदतवाढ आली, २०२५ च्या जूनपर्यंत. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतःच आकडे सांगितले : सुमारे ३०,००० उत्पादनं कित्येक वर्षं तपासणीविना विकली जात होती, गेल्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास बाजारात होती, आणि कडक तपासणीनंतर ती सुमारे ६५० वर आली. आकडे माझे नाहीत, सरकारचे आहेत. ३०,००० मधून ६५० उरतात, तर बाकीच्यांनी इतकी वर्षं आमच्या शेतात काय ओतलं? त्या पैशांचा हिशेब कुणी देणार आहे का? की तोंडाला पानं पुसायची आणि पुढच्या हंगामात नव्या नावाने तीच बाटली घ्यायची?

साधा गुणाकार करू. बहुतेक प्रयोगांत सॅलिसिलिक आम्ल अर्धा ते एक मिलिमोलर ताकदीने वापरतात. एक मिलिमोलर म्हणजे लिटरला १३८ मिलिग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला जेमतेम दोन ग्रॅम. ते थंड पाण्यात नीट विरघळत नाही, जास्त झालं तर पान भाजतं. आता तुमच्या बाटलीवर बघा, त्यात सॅलिसिलिक किती टक्के आहे, आणि पंपाला ३० मिली टाकल्यावर पानावर किती पडणार. आकडाच नसेल तर हिशेब होणार नाही, आणि हिशेब होऊ नये म्हणूनच आकडा नाही. दोन ग्रॅमच्या साध्या रसायनाची किंमत शेतकऱ्याला कळली तर चार आकडी बाटली कोण उचलेल?

इथे काही लोक म्हणतील, 'हे सगळं कंपन्यांचं झालं, आपली विद्यापीठं आहेत ना.' आहेत. त्यांच्या शेतकरी मेळाव्यांना मी गेलोय. व्यासपीठावर संशोधक इंग्रजी शब्दांची माळ लावतात, 'इंड्यूस्ड रेझिस्टन्स', 'सिग्नलिंग', 'क्रॉसटॉक', आणि बाहेर मंडपात ज्याच्या स्टॉलवर ढालीची बाटली आहे तोच कार्यक्रमाचा प्रायोजक असतो. एकाही वक्त्याने बाहेर बोट दाखवून 'ही बाटली घेऊ नका' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याच्या चहाचा घोट घेतला त्याच्याबद्दल काय बोलणार. प्रयोग होतात, ते प्रबंधात बांधले जातात, पदव्या मिळतात, बढत्या मिळतात. शेतकऱ्याच्या हाती येते ती शिफारस चार ओळींची, आणि त्यातली तिसरी ओळ अजूनही स्ट्रेप्टोसायक्लिनची.

खरं तर शेतकऱ्याला सांगायला यांच्याकडे भरपूर आहे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो तीन रोगांना टिकतो : पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. वांग्यात अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ मर रोगाला टिकणारे. केरळ कृषी विद्यापीठाची शक्ती, मुक्ती, अनघा ही टोमॅटोची वाणं, सूर्या, हरिता ही वांग्याची आणि मिरचीत उज्ज्वला. कोकण-गोव्याच्या आंबट, लाल जांभ्या मातीत मर रोग वांग्याला सुखाने जगू देत नाही, म्हणून जुन्या गोव्यातल्या केंद्रीय संशोधन संस्थेने टिकणारी वांगी काढली. सोलॅनम टॉर्वम या रानवांग्याच्या खुंटावर वांगं किंवा टोमॅटो कलम केलं की खालून येणारा रालस्टोनिया अडतो. व्हिएतनामात वांग्याच्या खुंटावरचा कलमी टोमॅटो शेतकऱ्यांनी उचलून धरलाय, छत्तीसगडमध्ये कलमी रोपांचा धंदा उभा आहे. कोबीचा घाण्या रोग, पानाच्या कडेने इंग्रजी व्हीसारखा पिवळा डाग आणि काळ्या पडलेल्या शिरा, तो बियाण्यातून येतो. बी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं ठेवलं तर त्याचा बंदोबस्त पेरणीआधीच होतो. त्यासाठी लागतो एक थर्मामीटर आणि थोडी चिकाटी. दोन्हींचं कमिशन कुणाला मिळत नाही, म्हणून त्यांचे स्टॉल लागत नाहीत.

आणि ही वाणं, हा खुंट, हा गरम पाण्याचा उपाय संजीवकांच्या विज्ञानाला सोडून नाही. त्याच विज्ञानाने सांगितलंय की झाडाची स्वतःची यंत्रणा शाबूत असेल, जिवाणूचा भार कमी असेल आणि वेळ आधीची असेल, तरच बाहेरून दिलेली हाळी कामाला येते. टिकाऊ वाण, स्वच्छ बी, पिकाची फेरपालट, नत्राचा अतिरेक नाही, रोगट झाड उपटून बांधाबाहेर, बगलफूट काढताना रोगट झाडाचा हात निरोगी झाडाला नाही. एवढं केल्यावर, पावसाळी हवा येण्याच्या आधी, ज्ञात प्रमाणात, सॅलिसिलिकच्या वाटेचं रसायन द्यावं की नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा होतो. त्याचं उत्तर प्रत्येक पिकासाठी, प्रत्येक भागासाठी शेतावर चाचणी घेऊन द्यायला हवं. ही चाचणी घेणं हे विद्यापीठांचं काम. ती झाल्याशिवाय प्रतिकारशक्तीच्या नावाने एक थेंबही विकू न देणं हे कृषी खात्याचं काम. दोघांनाही पगार त्यासाठीच मिळतो.

आपण शेतकरी तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारतो. बिल मागत नाही, कारण उधारी असते. खताच्या गोणीसोबत बाटली लिंक करून दिली तर मान खाली घालून घेतो, तक्रार करत नाही, कारण पुढच्या हंगामात युरिया त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण व्हॉट्सअॅपवरच्या अनोळखी हाताच्या 'रिझल्ट'वर जो विश्वास आपण टाकतो, त्याच्या पावपट विश्वास आपल्याच रानातल्या दोन बिनफवारणीच्या ओळींवर टाकला असता तर यांची अर्धी दुकानं उपाशी राहिली असती. त्या दोन ओळी सोडायला काळीज लागतं, हे कबूल. पण बाटली फुकट गेलीय हे न कळताच पुढची बाटली घेणं याला शेती म्हणत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी ढालीची बाटली समोर आली की चार प्रश्न विचारा. आत नेमकं काय, किती टक्के? खत नियंत्रण आदेशाखालची नोंदणी कुठाय? कुठल्या पिकावर, कुठल्या जिवाणूवर, कुठल्या विद्यापीठाच्या शेतात चाचणी झाली? आणि रोग दिसल्यावर मारायची की दिसायच्या आधी? चौथ्याचं उत्तर 'कधीही मारा' असं आलं तर पहिल्या तीन उत्तरांची वाट बघू नका, बाटली तिथेच ठेवा. मग पक्क्या बिलाचा आग्रह धरून दुसरं काहीही घ्या, आणि बिलावर बाटलीचं नाव लिंक म्हणून चढलं असेल तर त्या बिलाचा फोटो काढून तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. निरीक्षक म्हणेल, 'एकट्या माणसाच्या तक्रारीने काय होणार?' तेव्हा दहा जणांनी जा. दहा बिलं टेबलावर पडली की साहेबाला फाइल उघडावीच लागते.